वारुळावरचं पान

आमच्या घरात अळंबीला दोन नावं होती. नवरा म्हणायचा अळंबी आणि सासूबाई म्हणायच्या कुत्र्याच्या छत्र्या. वस्तू तीच. तो रानातून पिशवी घेऊन आला की त्या पदर नाकाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, आणि मग त्याला मागच्या ओट्यावर, पत्र्याखाली, स्टोव्ह पेटवून आपली वेगळी चूल मांडावी लागायची. मी त्यांना आईच म्हणते. त्या मूळच्या पालघरजवळच्या माहीमच्या, वाडीत वाढलेल्या. केळी, नारळ, पानमळा हे सगळं हाताखालून गेलेलं. बाजारात मासळीच्या टोपलीला हात न लावता पापलेट कालचं की आजचं ते सांगतील, पण जंगलातलं काही उंबऱ्याच्या आत आलेलं त्यांना खपत नसे.

"रानातलं रानात ऱ्हाऊ दे," त्या म्हणायच्या. "आपल्याला खायला काय कमी हाय?"

आमचं घर पालघरला, मनोरच्या रस्त्याकडे. वसाहत संपली की भातखाचरं लागतात आणि खाचरांच्या पलीकडे साग आणि ऐनाची एक टेकडी. नकाशात तिला नाव असेलही, आम्ही टेकडीच म्हणायचो. पावसाळ्यात दर रविवारी आमचा छोटा कंपू तिथे फिरायला जायचा: आम्ही दोघं, बँकेतून निवृत्त झालेले कॅमेरावाले काका, आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई. कधीतरी कोणाचे पाहुणे. बाईंचा नियम एकच होता, आधी फोटो, मग ओळख, आणि खायचं नाव काढायचं नाही. माझा नवरा तो नियम ऐकून घ्यायचा आणि परतताना गुपचूप पिशवी भरायचा.

ओळख पटवण्याचं काम माझ्याकडे होतं. मी बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. दुसऱ्यांनी बाटल्यांतून आणलेल्या गोष्टींवर दिवसभर संशय घेणे, याचा मला पगार मिळतो. अळंबीचंही तसंच. टोपी देठापासून कापायची, अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर पालथी घालायची आणि वर वाटी झाकून ठेवायची. सकाळी वाटी उचलली की कागदावर बारीक भुकटी उतरलेली दिसते, टोपीखालच्या पातळ पदरांची रेघ न् रेघ उमटलेली. भुकटी गुलाबीसर असली तर वारुळावरची, निर्धास्त खावी. हिरवट असली तर फेकून द्यायची आणि हात धुवायचे. ती दिसायला चांगली गोरीगोमटी असते आणि पोटात गेली की माणसाला आडवं करते.

आई वाट्यांवरून कटकट करायच्या. "भाताच्या वाट्या हायत त्या," म्हणायच्या, आणि दोन-दोनदा घासून ठेवायच्या.

मला मात्र ते ठसे कधी आवडले नाहीत. खरी अळंबी संध्याकाळपर्यंत काळी पडून चिकट व्हायची, टाकून द्यावी लागायची, आणि तिचा ठसा मात्र कागदावर जसाच्या तसा. जोरात श्वास सोडला तरी उडून जाईल, पण तोवर आहे. मी हे त्याला एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तू प्रयोगशाळेत कशी काय टिकलीस गं?"

टेकडीच्या मध्यावर एका जुन्या ऐनाच्या बुंध्याशी मोठं वारूळ आहे. जोराचा पाऊस होऊन दोन दिवस उघडीप पडली की त्याच्या आजूबाजूला अळंबी उगवते. वर दिसते ती नुसती टोपी आणि देठ. खाली मूळ पार वाळवीच्या घरापर्यंत गेलेलं असतं. पाड्यावरची माणसं पहाटेच येऊन चांगली चांगली उपटून नेत, ते त्यांचं वर्षानुवर्षांचं रान. मागे बोटभर रुंदीची भोकं राहायची. बाकीचे पुढे गेले की माझा नवरा तिथे उकिडवा बसायचा, सागाचं कोवळं पान तोडायचा, त्यातलं पाणी झटकायचा, ते भोकावर पालथं ठेवायचा आणि वर एक दगड. आपण काढलेल्या अळंबीचं भोक असो की दुसऱ्याने काढलेल्या.

"हे काय नाटक?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"घर उघडं टाकू नये."

"वाळवीचं?"

"कोणाचं का असेना."

मी हसले होते. असा चक्रमपणा त्यालाच सुचणार, असं मला वाटलं, आणि मनातून ते आवडलंही. दुसरं कोणी असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. पान आणि वर दगड म्हणजे तो. त्याच्या अक्षरावर मी एकवेळ शंका घेतली असती, यावर नाही.

तो गेला थंडीत. सकाळी बूट घालायला वाकला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. त्या दिवसांत टेकडीवर अळंबी औषधालाही मिळत नाही, तरी तेराव्याला आलेल्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्याच. "ते रानातलं कायबाय खायचे ना." आई तिथेच भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा स्टोव्ह दिसला नाही. मीही विचारलं नाही.

मग त्यांनी जेवण सोडलं. एकदम नाही. आधी रात्रीचं, मग सकाळची भाकरी, मग ताटात भात चिवडत बसायचं आणि मी पाठ फिरवली की ताट सरकवून द्यायचं. तोंडी लावायला जवळा केला, कालवण केलं, त्यांच्या भावाकडून माहीमची केळी मागवली. ती घरात काळी पडली. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मला माहीत होतं की हे वय नाही. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या तेव्हा मला खरी भीती वाटली. आम्हाला मूलबाळ नाही. त्याला लहान असताना ओळखणारं, घरात कारण नसताना त्याचं नाव घेणारं माणूस म्हणजे त्याच. त्या गेल्या असत्या तर त्या भिंतींच्या आत तो फक्त माझ्या एकटीच्या आठवणीवर राहिला असता, आणि माझी आठवण चांगली नाही. यात माझा स्वार्थ होता. असू दे.

पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा रविवारी टेकडीवर जायला लागले ती घरातून सुटण्यासाठी. सहा दिवस बोईसरला कामात जायचे, सातवा खायला उठायचा.

काका आणि बाई पुढे गेले होते, मी ऐनाजवळ रेंगाळले. वारुळाच्या कडेला सागाचं पान होतं. पालथं. वर दगड.

मी आधी मागे वळून पाहिलं. कोणाला पाहायला वळले ते सांगता येणार नाही. मग खाली बसले, दगड उचलला, पान बाजूला केलं. खाली भोक होतं आणि त्याच्या तोंडाशी वाळवीची धावपळ चाललेली. पान ताजं होतं. जिथून तोडलं होतं तिथे देठ अजून ओला होता. मी ते होतं तसं परत ठेवलं, दगडही त्याच बाजूने. बाईंनी हाक मारली तेव्हा मी ओ न देताच उठून चालायला लागले.

प्रयोगशाळेत असा नमुना आला असता तर मी काय केलं असतं, ते सांगायला नको. पानावर खूण केली असती. सोमवारी, मंगळवारी येऊन पाहिलं असतं. पाड्यावर जाऊन चौकशी केली असती. यातलं मी काहीही केलं नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर नको होतं.

पुढच्या रविवारी दुसऱ्या भोकावर पान होतं. त्याच्या पुढच्याही. मग मीही एक ठेवायला लागले. वारुळाच्या खालच्या अंगाला ओढा आहे, त्या बाजूला कोणाचं लक्ष जात नाही, तिथल्या भोकावर मी पान ठेवलं, वर दगड ठेवला. आठवड्याने पाहिलं तर माझं पान सुकून तपकिरी पडलेलं आणि त्याच्या शेजारी अगदी चिकटून दुसरं, हिरवं. मला रडू आलं आणि मी ते खोकल्यात घालवलं. काकांनी मला आल्याची गोळी दिली.

त्या पावसाळ्यात मी रविवारी सकाळी केस नीट विंचरून निघायचे. चिखलात जायला इस्त्रीचा कुर्ता घालायचे. घरी ओट्याकडचं दार रात्री लोटून ठेवायचे, कडी लावायचे नाही. अंगणात ओल्या चपलेचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. भीती वाटत नव्हती असं नाही. वाटायची, मानेच्या मागे, सारखी. पण ती गेली असती तर मला चाललं नसतं.

एकदा बाईंनी ते पान पाहिलं. खाली काही असेल म्हणून त्या फोटोसाठी वाकल्या आणि त्यांनी दगडाला हात घातला.

"हात लावू नका!" मी ओरडले. इतक्या जोरात की सागावरचे पक्षी उडाले. दोघंही माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, विंचू असतो अशा ठिकाणी. बाई "बरं" म्हणाल्या, आणि त्या दिवशी माझ्याशी जरा जपूनच बोलल्या.

आणि त्याच पावसाळ्यात आई जेवायला लागल्या. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर स्वतः उठून त्यांनी तांदळाची भाकरी थापली होती. सुके बोंबील भाजल्याचा वास घरभर. मी बदललेल्या टॉनिकला श्रेय दिलं, औषधवाल्याला तसं सांगूनही आले. दुपारी त्या देवळात जायला लागल्या होत्या, तेही बरंच वाटलं. त्यांच्या चपलांना लाल चिखल असायचा. देवळाचा रस्ता खणून ठेवला होता, मी चपला धुऊन ठेवायचे आणि ठेकेदाराला शिव्या द्यायचे.

मग एक दिवस कारखान्यात काम लवकर थांबलं आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी पालघरला उतरले. पाऊस थांबला होता. घरी जायचं सोडून माझे पाय खाचरांच्या बांधावर वळले. रविवार नसताना मी तिथे कधीच गेले नव्हते, आणि ऐन दिसायला लागला तेव्हा मला कळलं की मी जायला नको होतं.

वारुळापाशी कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. उकिडवं, तो बसायचा तसं. मान किंचित डावीकडे, त्याची असायची तशी. त्या एका क्षणात मी इतकी सुखी होते की ते आठवलं तरी मला लाज वाटते. मग छत्री दिसली. मग लुगड्याचा काठ.

आई वारुळाशी बोलत होत्या. मी एका सागाच्या आड थांबले.

"आलेलास काय रे?" त्या ओढ्याकडच्या बाजूचं पान बोटाने चाचपत होत्या. माझं पान. रविवारी ठेवलेलं. "सुकत आलं हाय. दोन-तीन दिस झाले तुला येऊन. येवढा कसला घाईत असतोस?"

त्यांनी पानाची कड बोटाने सरळ केली.

"विसरला नाय पण. येवढासा होतास, वाडीत कोनफळ काढायचो आमी, तवा सांगितलेलं. खड्डा उघडा टाकायचा नाय. वर पान, पानावर दगड. कोंबड्या उकरतात. बाकीची पोरं ऐकायची नाय. तू येकटा करायचास." मग त्या हसल्या. तो गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं. "तुझी बायको येते हाय ना रविवारी? तिला दिसतोस काय? मला बोलत नाय ती काय. मी पण बोलत नाय. आणि मी जेवते हाय. तू काळजी नको करू. पान ठेवत जा मात्र."

त्यांनी उठून सागाचं कोवळं पान तोडलं, पाणी झटकलं, सुकलेल्या पानाला चिकटून ठेवलं आणि वर दगड ठेवला. ओळखीचा हात होता तो. त्याने तो त्यांच्याकडूनच घेतला होता आणि मी तो त्याचा समजून बसले होते.

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू, दुःख नंतर आलं. सगळा पावसाळा मी माझ्या सासूच्या हातच्या पानासाठी केस विंचरून जात होते! ती जागा फक्त आमची दोघांची, असंही मी धरून चालले होते. म्हणजे त्याने आईलाही तिथे नेलं होतं, मी बोईसरला असताना कधीतरी, आणि दोघांनी मला पत्ता लागू दिला नव्हता. छत्र्यांच्या नावाने नाक मुरडणारी बाई, चिखल तुडवत टेकडी चढून गेली होती मुलाबरोबर. तो मला तिथे दुसऱ्यांदा सोडून गेला, आणि या वेळी मला पुढे काही धरायला उरलं नव्हतं.

मग मला दुसरी गोष्ट समजली. मी त्यांच्या पानांवर जगत होते, तशा त्या माझ्या पानांवर जेवत होत्या.

मी ओढ्याच्या बाजूने उतरून त्यांच्या आधी घरी पोचले. पाय धुतले, चहा टाकला. त्या आल्या.

"आज लवकर?" त्या म्हणाल्या.

"सोडलं लवकर."

"मी देवळात गेलेली."

"बरं केलंत."

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, कालचं कालवण हाय काय. मी भात गरम केला. त्या जेवल्या, ताट पुसून जेवल्या, आणि मी समोर बसून त्यांच्या प्रत्येक घासाकडे पाहत राहिले. सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. आई, ते मी ठेवते. एवढंच वाक्य होतं. त्यांनी भाताचा शेवटचा घास उचलला आणि मी ते वाक्य गिळलं.

तेव्हापासून मी रविवारी दोन पानं ठेवते, कधी तीन. कोवळी, हिरवीगार निवडून. कंपूतले पुढे जातात, बाई आता माझी वाट पाहत नाहीत, त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं असावं. मी वारुळाजवळ बसायचे आणि आदल्या आठवड्याचं आईंचं पान पाहायचे. सगळं माहीत असूनही ऐन दिसायला लागला की अजून छातीत धडधडतं. दर रविवारी. ज्याचा खुलासा झालेला आहे त्या गोष्टीने असं होऊ नये. होतं.

ओट्याकडच्या दाराची कडीही मी अजून लावत नाही.

या पावसाळ्यात आईंचा गुडघा गेला. घरातल्या घरात भिंत धरून चालतात, खाचरांचा बांध काही त्यांना जमायचा नाही. पाऊस लागला तशी मी रोज त्यांचं ताट पाहायला लागले. पहिल्या आठवड्यात भाकरीचा तुकडा उरला. दुसऱ्या आठवड्यात अर्धी. त्या खिडकीत बसून टेकडीच्या दिशेला बघायच्या. आमच्या खिडकीतून टेकडी दिसत नाही, शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.

त्या रविवारी मी परत आले तेव्हा त्या उंबऱ्याशी पाय पसरून मेथी निवडत होत्या. मी बूट काढायला लागले.

"पान होतं काय गं?" त्यांनी विचारलं. मान वर न करता.

मी बुटाची नाडी हातात धरून तशीच उभी राहिले. इतक्या काळात आम्ही एकमेकींजवळ टेकडीचा शब्द काढला नव्हता.

"होतं," मी म्हटलं.

"ताजं?"

"ताजं. देठ ओला होता."

त्यांनी मान वर केली आणि माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत लाल माती होती, बोटांना सागाच्या कोवळ्या पानाचा लाल रंग लागला होता. तो लगेच धुऊन जात नाही. मी हात मागे घेतले नाहीत. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग पुन्हा मेथीची जुडी उचलली.

"दगड लहान ठेवतो तो," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. त्याला सांग, जरा मोठा ठेव. पाऊस वाढला हाय."

"सांगते," मी म्हटलं.

दुपारी त्या मेथीच्या भाजीबरोबर एक भाकरी जेवल्या आणि वर अर्धी मागून घेतली. पुढच्या रविवारी काका आणि बाई फोटो काढत पुढे गेल्यावर मी ओढ्यात उतरले आणि दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा दगड घेऊन वर आले.